ऑपरेटिंग सिस्टिम कधी बदलायची, हे उलटे मोजून ठरवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. तेव्हापासून लहान-मोठ्या व्यवसायांत एक वाक्य वारंवार ऐकू येते : ‘मशीन व्यवस्थित चालतंय, मग घाई कसली?’ चालते आहे, हे खरेच. त्या तारखेला एकही संगणक बंद पडला नाही आणि गैरसमज नेमका तिथूनच सुरू होतो. बंद पडलेली वस्तू आपण निमूटपणे बदलतो. सपोर्ट संपलेली सिस्टिम मात्र काल चालत होती तशीच आज चालते. तिच्यात नव्याने सापडणाऱ्या त्रुटी तेवढ्या कोणी बुजवत नाही.

अशा वेळी २०१७च्या ‘वॉनाक्राय’ या, संगणकातल्या फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसच्या हल्ल्याचा दाखला हमखास दिला जातो, आणि बहुतेकदा चुकीचा. तो जुन्या विंडोज एक्सपीला बसलेला फटका होता, असे सांगतात. प्रत्यक्षात त्यात सापडलेले बहुसंख्य संगणक विंडोज ७चे होते आणि विंडोज ७ला तेव्हा सपोर्ट होता. त्रुटी बुजवणारा पॅच १४ मार्चला आला होता, हल्ला झाला १२ मे रोजी. मधल्या दोन महिन्यांत ज्यांनी तो बसवला नाही, ते अडकले. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांना शस्त्रक्रियासुद्धा पुढे ढकलाव्या लागल्या. तेव्हा सिस्टिम नवी की जुनी, हा प्रश्न दुय्यम आहे. तिला पॅच येतात का, आणि आलेले पॅच आपल्याकडे कोणी बसवतो का, हे आधी विचारायला हवे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर विंडोज ११ घेऊनही फारसे काही हाती लागणार नाही.

याचा अर्थ नवी आवृत्ती आली की त्याच आठवड्यात उडी मारा, असा मुळीच नाही. ऑक्टोबर २०१८च्या विंडोज १० अपडेटमुळे काही लोकांच्या फाइलीच पुसल्या गेल्या आणि मायक्रोसॉफ्टला ते अपडेट थांबवावे लागले. पहिल्या रांगेत उभे राहण्याची हौस घरच्या संगणकावर भागवावी, बिलिंगच्या नको.

माझ्या मते निर्णय उलट्या दिशेने घ्यावा. सपोर्ट संपण्याची तारीख सहसा कित्येक वर्षे आधी माहीत असते. विंडोज १० जुलै २०१५ मध्ये आले, तेव्हाच ऑक्टोबर २०२५ हा शेवट जाहीर झालेला होता. अपवाद असतात : सेंटओएस ८ या सर्व्हरवरच्या लिनक्स सिस्टिमची मुदत २०२९पर्यंत होती, ती डिसेंबर २०२०मध्ये एकदम २०२१अखेरपर्यंत खाली आणली गेली आणि सर्व्हर सांभाळणाऱ्यांची धावपळ उडाली. पण एरवी ‘अचानक झालं’ म्हणायला जागा नसते. त्या तारखेपासून वर्षभर मागे या आणि तिथे कामाची सुरुवात लिहून ठेवा. ताळेबंद लागण्याचे आठवडे आणि धंद्याचा हंगाम त्यातून आधीच वगळा.

वर्षभर कशाला? कारण अडते ते विंडोजवर क्वचितच. अडते ते व्यवसाय ज्याच्यावर उभा आहे त्या एखाद्या प्रोग्रॅमवर. विंडोज ११ची ३२ बिट आवृत्तीच नाही आणि ६४ बिट विंडोजवर जुने १६ बिट प्रोग्रॅम चालत नाहीत. डॉसच्या काळातले हिशेबाचे सॉफ्टवेअर ३२ बिट विंडोज १०वर आजवर तग धरून असेल, तर ते इथे संपले. तीच गत जुन्या स्कॅनरची किंवा कारखान्यातल्या यंत्राला जोडलेल्या संगणकाची : त्या उपकरणाला विंडोजशी जोडणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, लिहिणारी कंपनीच उरलेली नसते. शिवाय विंडोज ११ला टीपीएम २.० ही संगणकातली सुरक्षा-चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. थोडक्यात, सिस्टिम फुकट पण संगणक विकत.

म्हणून चाचणीचा पहिला संगणक साहेबांचा नसावा, आणि संगणक विभागातल्या मुलाचाही नसावा. जी व्यक्ती सर्वांत अडचणीचा प्रोग्रॅम रोज वापरते, तिचा असावा. महिनाभर तिचे काम सुरळीत झाले की बाकीच्यांचे होईल. त्याआधी बॅकअप नुसता घेऊन ठेवू नका, तो दुसऱ्या संगणकावर उतरवून उघडतो का ते पाहा.

पैसे देऊन मुदत वाढवून मिळते, हेही खरे. विंडोज १०साठी व्यवसायांना जास्तीत जास्त ३ वर्षे ती सोय आहे; पहिल्या वर्षी एका संगणकामागे ६१ डॉलर आणि पुढे दरवर्षी दुप्पट. अडलेला प्रोग्रॅम नव्याने लिहून येईपर्यंत एक वर्ष विकत घेणे शहाणपणाचे आहे. पण काम कोणते अडले आहे आणि ते कधी संपणार, हे सांगता येत नसेल, तर तो खर्च नव्या संगणकांत घातलेला बरा. आणि जो संगणक यंत्रामुळे बदलताच येत नाही, त्याचे इंटरनेट काढा आणि कार्यालयाच्या नेटवर्कपासूनही त्याला तोडा.

आपल्या दैनिकात नव्या आवृत्त्यांचे कौतुक सविस्तर छापून येते. त्याच बातमीत जुन्या आवृत्तीचा सपोर्ट कधी संपतो, ही एक ओळ नेमाने छापाल का?

आपला,
एक वाचक