खर्चुडीचे कंद जागेवरच राहू द्या

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, बांधावरच्या खर्चुडीचे कंद उकरून अंगणात आणायचा बेत कृपा करून सोडा. गवत कापणारे येण्याआधी झाडं वाचावीत ही तुमची तळमळ कळते. पण कंद मुरमात, दगडांच्या फटीत रुतलेला असतो. कुदळीची जखम झाली की तो कुजतोच. आपली खर्चुडी म्हणजे हरिश्चंद्रगडाच्या अंगाची, सरळ उभी वाढणारी कंदीलपुष्पाची जात, सेरोपेजिया लॉई; ती महाराष्ट्राबाहेर उगवत नाही. ती वाढवायची बियांवरून.

फुलं पुष्कळ आणि शेंगा मोजक्या, असं का? आई, फूल न तोडता त्याच्या नळीत डोकावून बघ. आत खाली वळलेले केस दिसतील. चिलट शिरतं ते सहज, पण केस सुकेपर्यंत त्याला बाहेर पडता येत नाही. सुटतं तेव्हा परागाची पिवळी जोडगोळी तोंडाला चिकटलेली असते, राजगिऱ्याच्या दाण्याहून बारीक. ती घेऊन चिलट दुसऱ्या झाडाच्या फुलात शिरलं तर शेंग. अंगणातलं एकटं झाड फुलेल, पण शेंग धरायची आशा फार थोडी.

शेंगा जोडीनं येतात, शिंगांसारख्या. हिरव्या तोडू नका, आतलं बी कच्चं राहतं. पिवळसर पडू लागल्या की मच्छरदाणीच्या कापडाची पिशवी सैल बांधा, नाहीतर शेंग तडकून एका दुपारी सगळं बी उडून जाईल. प्लास्टिक नकोच, आत घाम धरून बुरशी येते. दहांतल्या दोनच शेंगा घ्या. बी चपटं असतं, टोकाला रेशमी झुपका. झुपका काढून आठवडाभर सावलीत वाळवा आणि कागदी पाकिटात ठेवा.

जूनमध्ये दोन भाग जाड वाळू, एक भाग लाल माती, एक भाग कुजलेला पालापाचोळा असं मिसळा. शेणखत आणि युरिया नको. बी आडवं ठेवून वर जेमतेम अर्धा सेंटीमीटर माती पसरा. कुंडी पागोळ्यांखाली नको. पावसाळा सरला की पानं पिवळी पडून वर काहीच दिसणार नाही. मेलं समजून कुंडी उपडी करू नका. आई, तुळशीला पाणी घालता घालता हिलाही घालशील, तेवढं टाळ. वळिवापर्यंत थेंबही नको. बहुतेक रोपं त्या ओलीनंच जातात. पुढच्या पावसाच्या तोंडावर कंद मातीसकट त्याच बांधावर मोकळ्या जागी लावा.

शेंगा तडकेपर्यंत झाडांभोवती हातभर गवत राखायला माणसांना सांगा. फोटो गटात टाकलात तर ठिकाण लिहू नका. कंद खायला माणसंही उकरतात, नुसती साळिंदरं नाहीत.

पिशव्या शिवून पाठवते आहे. तोवर झाडं मोजा आणि प्रत्येकाच्या उत्तरेला वीतभर अंतरावर ऑइलपेंटचा ठिपका दिलेला दगड ठेवा. पानं गेली की जागा सापडत नाही.

तुमची,
सुमी