सावंतवाडीच्या नावाने पाठवलेला चौरंग व वाडगे परत घेण्याबाबत

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी

विषय : चुकीच्या वर्णनाने विकलेल्या लाकडी वस्तू परत घेऊन पूर्ण रक्कम मिळण्याबाबत

महोदय,

आपल्या संकेतस्थळावरून मी ३ जुलै रोजी फणसाच्या लाकडाचा एक चौरंग आणि लाखकाम केलेल्या तीन वाडग्यांचा संच मागवला व त्यापोटी ९,२०० रुपये आगाऊ भरले. दोन्ही वस्तूंच्या वर्णनात ‘सावंतवाडीच्या कारागिरांनी हाताने घडवलेले’ असे ठळक अक्षरांत होते आणि मी ऑर्डर दिली ती केवळ त्या ओळीवर विसंबून.

पार्सल उघडले तेव्हा चौरंगाचा एक पाय कोपऱ्यावर फुटलेला होता. त्याबद्दल माझी तक्रार नाही, उलट तो फुटला हे बरेच झाले, कारण आत लाकूड नव्हतेच. भुसा दाबून केलेला बोर्ड होता आणि त्यावर लाकडाच्या रेषा छापलेला कागद चिकटवलेला होता. फणसाचे लाकूड ताजे असताना पिवळे दिसते आणि वर्षे जातील तसे तांबूस होत जाते, हे सावंतवाडीत आजोळ असलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

वाडग्यांची गोष्ट याहून गंभीर आहे. लाखकामात वाडगा लेथवर फिरत असतानाच लाखेची कांडी त्यावर टेकवतात आणि घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर बसते. आपल्या वाडग्यांना मात्र साधा रंग फासलेला आहे. एकाच्या तळाशी ब्रशचा केस रंगात तसाच अडकला आहे आणि ओल्या फडक्याने पुसताच काठाजवळचा नखाएवढा हिरवा पापुद्रा सुटून हातात आला. हेच वाडगे आपण ‘सुकामेव्यासाठी सुरक्षित’ म्हणून विकता.

आपल्या प्रतिनिधींनी फोनवर ‘हस्तकलेत थोडाफार फरक असायचाच’ असे उत्तर दिले. लाकडात गाठ असती, काठ किंचित वाकडा असता, तर मी अवाक्षर काढले नसते. पण या उत्तराने दोष आपल्या मालाचा आणि ठपका सावंतवाडीच्या चितारआळीतल्या (लाकडी वस्तू घडवणाऱ्यांच्या आळीतल्या) कारागिरांवर, असा प्रकार होतो, आणि मला सर्वांत जास्त खटकले ते हेच.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत देणे आणि महिन्याभरात तिचे निवारण करणे आपल्यावर बंधनकारक आहे. माझ्या १९ जुलैच्या ई-मेलची पोच आजतागायत आलेली नाही. तरी दोन्ही वस्तू आपल्या खर्चाने परत न्याव्यात, पूर्ण रक्कम माझ्या खात्यात जमा करावी आणि या वस्तू सावंतवाडीत कोणत्या कारखान्यात घडल्या ते लेखी कळवावे. ते सांगता येत नसेल, तर वर्णनातली ती ओळ काढून टाकावी. तसे न झाल्यास मला ग्राहक आयोगाकडे जावे लागेल.

बिलाची प्रत, फुटलेल्या पायाची व वाडग्यांची छायाचित्रे सोबत जोडली आहेत. निघालेला पापुद्राही वाडग्यातच ठेवला आहे.

आपली,
एक ग्राहक, पुणे