उतार राखणाऱ्यांना पाणीपट्टीतला वाटा द्या : जलसंपदा मंत्र्यांना खुले पत्र

मा. जलसंपदा मंत्री, महाराष्ट्र राज्य,
यांस सप्रेम नमस्कार.

त्र्यंबक तालुक्यातल्या एका पाड्यावर मी बावीस वर्षे शिकवले. चैत्र लागला की वर्गातल्या मुली कमी व्हायच्या. आईबरोबर हंडे घेऊन खालच्या विहिरीवर जायच्या आणि झिरा भरेपर्यंत काठावर बसून राहायच्या. आषाढात याच डोंगरांवर इतका पाऊस कोसळतो की पलीकडचे घर दिसत नाही. ते पाणी गंगापूर धरणात उतरते आणि माझ्या नळाला येते. त्याची पाणीपट्टी मी महापालिकेला भरते, महापालिका आपल्या खात्याला भरते. पाड्यापर्यंत त्यातला रुपयाही पोचत नाही.

जायकवाडीला पाणी सोडायची वेळ आली की नाशिक-नगर एकीकडे आणि मराठवाडा दुसरीकडे, असा वाद पेटतो. समन्यायी वाटपासाठी २००५चा कायदा आहे. पण ते वाटप धरणात आलेल्या पाण्याचे. धरणाच्या वरचा उतार कोण राखतो, हा प्रश्न त्या भांडणात कुणीच विचारत नाही.

साहेब, तिथल्या एका घराचा हिशेब बघा. उतारावर नागली-वरई केली, राबासाठी, म्हणजे रोपांची जागा भाजायला, फांद्या तोडल्या, तर वर्षाचे धान्य येते, पण माती सुटते. मुरमासाठी खोदू दिले किंवा जागा फार्महाऊसला गेली तर रोख पैसा येतो. तोच उतार गवताखाली, झाडांखाली राखला तर हाती काहीच येत नाही. मग माणसे दिवाळीनंतर निफाडकडे द्राक्षबागांत मजुरीला जातात. डोंगर राखू शकणारे हात धरणाखालच्या बागा राखतात. सुटलेली माती धरणात गाळ होऊन बसते, ती वेगळीच.

आमच्या पाड्यावर एका योजनेतून पाणी मुरवायला उताराला आडवे समतल चर खोदले होते. कामाचे फोटो निघाले, बिले निघाली. तीन पावसाळ्यांत चर बुजले, कारण खोदाईला पैसे होते, राखणीला नव्हते. माझे सगळे म्हणणे या एका गोष्टीतून आले आहे.

राखणीसाठी असे पैसे देणे इतर ठिकाणी करून झाले आहे. चीनमध्ये शिन-आन नदीवर २०१२मध्ये दोन प्रांतांनी करार केला. वरच्या आन्हुईकडून ठरल्याइतके स्वच्छ पाणी आले तर खालच्या झेजियांगने १० कोटी युआन द्यायचे, नाही आले तर आन्हुईने भरायचे. केंद्राने त्यात आपली भर घातली. आपल्या देशात हिमाचलमधल्या पालमपूर नगरपरिषदेने २०१०मध्ये बोहल गावाशी करार केला. गावाने झऱ्यावरचे जंगल राखायचे आणि नगरपरिषदेने वर्षाला १०,००० रुपये द्यायचे. रक्कम लहान आहे, पण शहराने गावाचे देणे मान्य केले, हे मला मोठे वाटते.

गंगापूर, काश्यपी आणि गौतमी या तीन धरणांच्या पाणलोटापासून सुरुवात करा. पाण्याचे ठोक दर जलसंपत्ती नियमन प्राधिकरण ठरवते. शहराच्या आणि कारखान्यांच्या दरात ‘पाणलोट मोबदला’ असा वेगळा भाग त्यांच्याकडून ठरवून घ्या. पैसे थेट ग्रामसभेच्या खात्यात जाऊ द्या, मध्ये ठेकेदार नको. २००६च्या वनहक्क कायद्याने जंगल राखण्याचा अधिकार ग्रामसभांना दिलेलाच आहे. त्या अधिकाराला मजुरीची जोड द्या. ओढ्याला किती गाळ आला, झरा कोणत्या महिन्यापर्यंत वाहिला, हे दरवर्षी मोजा आणि त्यावर रक्कम ठरवा. मोजायला आपल्याच खात्याची ‘मेरी’ ही अभियांत्रिकी संशोधन संस्था इथेच नाशिकला दिंडोरी रोडवर आहे. आणि नागली सोडणाऱ्या घराला पहिली काही वर्षे धान्याचीही भरपाई द्या, नाहीतर गरिबाच्याच ताटातून शहराचे पाणी राखल्यासारखे होईल.

२०२७च्या सिंहस्थासाठी गोदाकाठी घाटांची कामे निघाली आहेत. त्याच वर्षी ब्रह्मगिरीच्या पायथ्याच्या एखाद्या तरी ग्रामसभेच्या खात्यात पहिला हप्ता पडावा. माझ्या पाणीपट्टीत त्यासाठी वाढ झाली तर ती मी भरेन.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
गंगापूर रोड, नाशिक