पिवळी बोटं

चि. सईस अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी फोनवर आवाज चढले, त्यात माझा आधी चढला. हे आईने सांगितलं म्हणून लिहीत नाही, मला स्वतःलाच मान्य आहे. 'मग सोड ते प्रिंटमेकिंग, पेंटिंगला जा' असं मी म्हणायला नको होतं. फोनवर मला धड बोलता येत नाही. समोरचं माणूस गप्प झालं की मी आणखीच बोलत सुटतो. म्हणून कागद घेतलाय. तुझ्या खोकल्याबद्दल आणि बोटांबद्दल यात अवाक्षर काढायचं नाही, असं ठरवूनच बसलोय.

आधी चित्राचं सांगतो. तू फोटो टाकलास तेव्हा आत्याने लगेच टाळ्या पाठवल्या. मला वेळ लागला. बाटल्यांची मांडणी ओळखू आली, पण खिडकी उजवीकडे. आपल्या लॅबची खिडकी डावीकडे होती, एकतीस वर्षं रोज सकाळी मीच उघडायचो. म्हटलं, पोरगी विसरली. शेवटची आलीस तेव्हा सात वर्षांची होतीस. मग रात्री अंथरुणात लक्षात आलं की पत्र्यावर अ‍ॅसिडने कोरलेलं कागदावर छापताना उलटं उमटतं. उठलो आणि फोन आरशासमोर धरला. खिडकी जागेवर आली! वरच्या फळीवरची तिसरी बाटली, जिचं काचेचं बूच कधीच सरळ बसलं नाही, ते तुझ्या चित्रातही तिरकंच आहे. आई जागी झाली आणि म्हणाली, काय चाललंय? सईचं चित्र बघतोय, म्हटलं. ती म्हणाली, ते सरळ धरूनही बघता येतं.

एवढ्यावर पत्र संपवायला हवं होतं. पण त्या फोटोच्या कोपऱ्यात कागद धरलेली तुझी दोन बोटं आली आहेत. सगळ्यांनी चित्र पाहिलं, मी बोटं पाहिली. ते पिवळं रंगाचं नाही, सई. साबणाने जात नाही, ती कातडी झडेल तेव्हाच जाईल. नायट्रिक अ‍ॅसिड कातडीतल्या प्रथिनांना असं पिवळं करतं. माझ्या अंगठ्यावर असायचं ते हेच.

तुला आठवतं का? बालवाडीत असताना तू पिवळ्या स्केचपेनने अंगठा रंगवून घेतला होतास आणि आठवडाभर धुऊ दिला नाहीस. कोणी विचारलं की सांगायचीस, माझ्या बाबांसारखा आहे. मी तो अंगठा सगळ्या स्टाफला दाखवत हिंडलो होतो. परवा फोटो बघताना आधी तेच आठवलं, आणि मग खोकला. म्हणजे ठरवलेलं मोडलंच म्हणायचं. आता पूर्णच लिहितो.

तुमचं कॉलेज लहान आहे, वर्गात अकरा जण, सर प्रत्येकाला नावाने हाक मारतात. मला ते पहिल्या दिवशीच आवडलं. सरकारी आहे म्हणून फी झेपली, हेही खरं. पण छपाईचा प्रेस एकच, नंबर लागतो रात्री, आणि त्या वेळी अ‍ॅसिडच्या खोलीतला एक्झॉस्ट बंद, कारण सहायक सहाला कुलूप लावून गेलेला. किल्ली तुमच्यातल्याच कुणाकडे तरी असते, असं तू हसत सांगितलंस. त्या सहायकाला नावं ठेवू नकोस. मीही सहाला कुलूप लावायचो, आणि पोरं माझ्याही पाया पडायची, अर्धाच तास द्या म्हणून. एकदाच दिला. सुहासचं तुला माहीत आहे. तो विषय इथे नको.

नायट्रिकमधून निघणारा तो तांबूस धूर त्या वेळी फारसा त्रास देत नाही, हीच त्याची लबाडी. थोडा खोकला येतो, थांबतो, माणूस झोपायला जातो, आणि खरा त्रास काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी सुरू होतो. कापडी मास्कने वायू अडत नाही. अ‍ॅसिड पाण्यात ओतायचं, पाणी अ‍ॅसिडमध्ये कधीच नाही. आणि अ‍ॅक्वाटिंटला म्हणजे छापात करड्या छटा आणायला तुम्ही जी राळेची पूड उडवता, तिनेही दमा लागू शकतो, शिवाय ती हवेत असताना ठिणगी पडली तर भडका उडतो.

बघ, झालं सुरू. तू लहान नाहीस, मला कळतं. शिकवायला तुला सर आहेत. माफ कर.

पण वाचत बसलो की थांबवत नाही. रामाझिनी नावाच्या इटालियन वैद्याने १७०० सालीच चित्रकारांच्या आजारांवर लिहून ठेवलंय. तुमचा तो स्पॅनिश चित्रकार गोया १७९२ च्या हिवाळ्यात आजारी पडला आणि कायमचा बहिरा झाला, तेव्हा तो ४६ वर्षांचा होता. नक्की कशामुळे ते आजवर ठरलेलं नाही, पण काहींचा संशय रंगातल्या शिशावर आहे. तू काय म्हणशील तेही माहीत आहे: बाबा, अ‍ॅक्वाटिंटची त्याची नावाजलेली चित्रं तर त्यानंतरचीच आहेत. असू देत. त्याच्या बापाला कोणी विचारलं होतं का?

आता कामाचं. तांब्याचा पत्रा आणि फेरिक क्लोराइड वापरलं तर तो धूर नाही. हातावर डाग पडतात, पण तपकिरी. तांबं महाग म्हणून तू जस्त घेतेस, हे तू सांगितलं नाहीस तरी मला कळतं. पुढच्या सहामाहीचे पत्रे मी देणार, यावर वाद नको. आणि जस्तच हवं असेल तर मोरचूद आणि मिठाचं द्रावणही ते खातं म्हणे. मोरचुदाच्या निळ्या पाण्यात जस्ताची पट्टी बुडवली की तिच्यावर तांबडा थर चढायचा, ते तू माझ्या टेबलावर चढून बघायचीस. तेच हे. फक्त आम्ही ते धुऊन टाकायचो आणि तुम्ही त्यातून चित्र काढता. सरांना विचारून बघ. माझं नाव सांगू नकोस.

क्रिटमध्ये, म्हणजे वर्गात चित्रांवर बोलतात तेव्हा, सगळ्यांसमोर 'हात तयार आहे, पण यात तू कुठे आहेस' असं ऐकावं लागलं आणि दोन दिवस तू खोलीबाहेर पडली नाहीस, हे आईकडून कळलं. मला चित्रातलं कळत नाही. पण ते तिरकं बूच आमच्या इन्स्पेक्टरलाही कधी दिसलं नव्हतं.

अण्णा विचारत होते, सई काय करते. म्हटलं, प्रिंट काढते. ते म्हणाले, झेरॉक्सचं दुकान टाकणार का? मी त्यांना आरशासमोर नेलं. त्यांना काही समजलं नाही, पण अर्धा तास बसले.

डॉक्टरकडे जाऊन ये. छातीचं ऐकून घे, आणि अ‍ॅसिडवर काम करतेस हे न लपवता सांग. गेलीस की दोन शब्द कळव, फोन नको असेल तर नुसतं 'गेले' लिही.

तुझा,
बाबा

ता. क. पार्सलमध्ये चष्मे आणि हातमोजे दोन-दोन आहेत. एक जोडी त्या मुलीला दे, जी तुझ्याबरोबर रात्री थांबते. तिचेही वडील असतील.