श्रमदान शिबिरात आधी आखणी, मग टिकाव

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मे महिन्यात महाविद्यालयांची श्रमदान शिबिरे भरतात आणि टोपी घातलेल्या, हातात घमेली घेतलेल्या मुलामुलींची छायाचित्रे छापून येतात. त्यांच्या घामाबद्दल शंका नाही. पण अशा शिबिरात काम नेमके किती होते, हे एकदा मोजून पाहायला हवे.

पन्नास विद्यार्थी आणि सात दिवस धरू. पहिला दिवस शिकण्यात जातो, जायलाच हवा. उन्हाने टणक झालेल्या मुरमात सवय नसलेला विद्यार्थी सकाळच्या तीन-साडेतीन तासांत साधारण अर्धा घनमीटर खोदतो. यापेक्षा जास्त धरणारे आयोजक कागदावर खोदत असतात. म्हणजे दिवसाला २५ आणि सहा दिवसांत १५० घनमीटर. ६० सेंमी रुंद, ३० सेंमी खोल सलग समतल चर, म्हणजे पाणी अडवून जिरवण्यासाठी उताराला आडवा, एकाच पातळीत खणलेला चर धरला, तर लांबी होते सुमारे ८३० मीटर. हे चर एकदा काठोकाठ भरले की दीड लाख लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे पंधरा टँकर पाणी. पावसाळ्यात ते अनेकदा भरतात आणि जिरतात, तेव्हा काम क्षुल्लक नाही. मात्र एवढेच खोदकाम जेसीबी एक-दीड दिवसात उरकतो.

मग विद्यार्थी कशाला? आमच्या मते जे जेसीबीला जमत नाही त्यासाठी: टेकडीवर समपातळीची रेषा आखणे, झालेले काम मोजून लिहून ठेवणे, गावाशी बोलणे आणि पावसाळ्यानंतर परत येऊन विहिरी तपासणे. शिबिरातून नेतृत्व घडते असे आपण म्हणतो, ते घडते या कामांत. प्रत्यक्षात बहुतेक शिबिरांत हीच कामे कोणी दुसरे करते किंवा कोणीच करत नाही, आणि विद्यार्थ्यांच्या हाती फक्त टिकाव येतो.

आखणीचेच बघा. चर समपातळीत नसेल तर तो पाणी अडवत नाही, वाहून नेतो. वीस मीटरच्या चरात एका टोकाला ३० सेंमीचा फरक पडला, की सगळे पाणी खालच्या टोकाला गोळा होते, तिथेच खोदलेल्या मातीचा भराव फुटतो आणि उतारावर नवी ओघळ तयार होते. असा चर न खोदलेला बरा. यावर उपाय स्वस्त आहे. दोन सारख्या लांबीच्या काठ्या, त्यांना जोडणारी आडवी काठी आणि वरून सोडलेला ओळंबा, म्हणजे दोरीला बांधलेले वजन, एवढ्यात समपातळी शोधणारी, इंग्रजी A च्या आकाराची ए-फ्रेम तयार होते. चूक होते ती तिचा मध्यबिंदू पट्टीने मोजून काढण्यात. काठ्या कधीच अगदी सारख्या नसतात. बरोबर रीत अशी: जमिनीत दोन खुंट्या ठोकून फ्रेमचे पाय त्यांवर ठेवायचे आणि दोरी आडव्या काठीला जिथे लागते तिथे खूण करायची. मग फ्रेम फिरवून पायांची अदलाबदल करायची, दुसरी खूण करायची. दोन खुणांच्या बरोबर मध्ये जी जागा, ती समपातळीची खूण; दोरी तिथे आली की फ्रेमचे दोन्ही पाय एका पातळीत. वारा असेल तर ओळंबा जड घ्यावा, नाहीतर दोरी हलत राहते आणि मुले अंदाजाने खुणा करू लागतात.

हायड्रोमार्कर, म्हणजे पाणी भरलेली पारदर्शक नळी आणि मोजपट्ट्या लावलेल्या दोन काठ्या, यावर काम जास्त वेगाने होते. पण नळीत हवेचा बुडबुडा राहिला की वाचन चुकते. जागा बदलताना दोन्ही तोंडे अंगठ्याने बंद करायची आणि वाचताना दोन्ही उघडायची. एक जरी बंद राहिले, तरी पाणी आपली खरी पातळी दाखवत नाही. ही चूक दर शिबिरात होते. म्हणून काठी धरणाऱ्या दोघांपेक्षा तिसरा जो वहीत आकडे लिहितो, त्याने दर वेळी ‘तोंडं उघडली का?’ विचारायचे. रेषेवर चुना टाकल्याशिवाय एकही टिकाव चालू नये.

खोदलेली माती उताराच्या खालच्या बाजूला टाकायची, पण चराच्या काठापासून ३० सेंमी सोडून. अगदी काठावर टाकली तर पहिल्याच वळवाच्या सरीत ती पुन्हा चरात येते. नवख्या गटाने दर दहा मीटरवर हातभर जमीन न खोदता ठेवावी, म्हणजे आखणीत थोडी चूक झाली तरी सगळे पाणी एका टोकाला धावत नाही. ओघळ आली की चर अलीकडे थांबवायचा आणि पलीकडे नव्याने सुरू करायचा. ओघळीत दगडी बांध घालायचा असेल, तर त्याचा मध्य दोन्ही टोकांपेक्षा खाली हवा. मुले बांध भिंतीसारखा एका पातळीत, फोटोत छान दिसेल असा रचतात, आणि पाणी मग काठ पोखरून बाजूने निघून जाते.

अवजारांचा हिशेब सरळ आहे. पाच जणांच्या गटाला दोन टिकाव, दोन फावडी, तीन घमेली आणि दोन गटांत एक पहार. प्रत्येकाच्या हातात टिकाव देण्याचा हौशी प्रकार टाळावा. दोघे खोदतात तेव्हा दोघे माती ओढतात आणि एक जण दम घेतो, हीच चाल दिवसभर टिकते. टिकावाचा दांडा ढिला असेल तर पाचर ठोकावी. रात्री पाण्यात भिजत घालण्याचा उपाय उन्हात दोन तासही पुरत नाही.

उन्हाबद्दल तडजोड नको. काम सकाळी सहा ते साडेनऊ, फार तर संध्याकाळी पाचनंतर तासभर. आनंदवनची सोमनाथची श्रमसंस्कार छावणी चंद्रपूरच्या भर मे महिन्यात भरते. तिथेही अंगमेहनत सकाळी आणि दुपार चर्चेला असते, ती उगाच नव्हे. दर वीस मिनिटांनी पेलाभर पाणी, तहान लागो न लागो. ओआरएसचे पाकीट एक लिटर पाण्यातच कालवायचे. अर्ध्या बाटलीत ओतून ‘स्ट्राँग’ करणे हा वेडेपणा आहे. घरगुती प्रमाण लिटरभर पाण्यात चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. कोणी असंबद्ध बोलू लागले, अंग तापले, तर ती थकवा आल्याची नव्हे, उष्माघाताची खूण. त्याला सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतत राहायचे, वारा घालायचा आणि लगेच १०८ ला फोन करायचा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नये. दगड उचलताना आधी पहारीने कलता करून पाहावा. मे-जूनमध्ये विंचू हमखास निघतात. लाल विंचवाच्या दंशावर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिनचा उपचार रूढ केला. ते औषध आणि सर्पदंशाची लस जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे का, हे शिबिराआधी तिथे जाऊन विचारावे.

कामवाटपात एक खोड अजून जात नाही: मुली भाकरी-भाजीकडे आणि मुले टेकडीवर. आखणी, मोजमाप, अवजारे-आरोग्य आणि गावसंपर्क असे चार प्रमुख रोज बदलावेत, स्वयंपाकाची पाळी सर्वांना सारखी लावावी.

राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचे विशेष शिबिर अपेक्षित असते. नव्या अभ्यासक्रमात समाजसंपर्काच्या कामाला क्रेडिटही मिळते, तेही तासांवर. तास मोजणे सोपे असते, म्हणून तेच मोजले जातात. आमची सूचना अशी की निम्मे क्रेडिट मे महिन्यात द्यावे, तेही घनमीटरची वही बघून. आणि उरलेले ऑक्टोबरमध्ये, परतभेटीनंतर. जूनच्या पहिल्या पावसानंतर एक छोटी फेरी हवीच: कुठे भराव फुटला, कुठे गाळ साचला हे तेव्हाच दिसते, आणि ओल्या भरावावर स्टायलो गवत, करंज, सीताफळाचे बी तेव्हाच टोकता येते.

विहिरींचे मोजमाप मे अखेर आणि ऑक्टोबर असे दोनदा व्हावे. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या नोंदींतही हे दोन महिने असतात, त्यामुळे ताडून पाहता येते. दहा विहिरी निवडाव्यात, कठड्यावर रंगाने खूण करून दर वेळी तिथूनच टेप सोडावी. यांतल्या किमान दोन विहिरी काम न झालेल्या बाजूच्या हव्यात. पाऊस चांगला झाला की सगळ्याच विहिरी भरतात आणि श्रेय मात्र शिबिराला जाते. तुलनेला विहीर नसेल तर तो अहवाल नव्हे, कौतुकसोहळा.

पाणी फाउंडेशनची गावोगावच्या जलसंधारणाची वॉटर कप स्पर्धा २०१६ मध्ये वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत सुरू झाली, तेव्हा गावातल्या निवडक माणसांना आधी निवासी प्रशिक्षण मिळाले होते. पुढे १ मेच्या महाश्रमदानाला शहरातून जलमित्र, म्हणजे श्रमदानाचे स्वयंसेवक आले, ते आधीच आखलेल्या रेषांवर. महाविद्यालयांनी यातला फक्त १ मे उचलला.

शिबिराची जागा महाविद्यालय एप्रिलमध्ये ठरवते आणि सरपंचांना फोन करते. तोवर उशीर झालेला असतो. जमीन गायरान आहे की वनखात्याची, चर खणल्यावर जनावरे कुठे चरणार, हे प्रश्न टिकाव पडल्यावर निघतात, आणि वनजमिनीची परवानगी आठवड्यात मिळत नाही. २६ जानेवारीला ग्रामसभा होतेच. त्या दिवशी पाच-सहा विद्यार्थ्यांनी नकाशा घेऊन सभेत बसावे, जागेचा ठराव करून घ्यावा, आणि फेब्रुवारीत रविवारी येऊन आखणीचा सराव करावा. यंदाची संधी हुकली असेल, तर १ मेच्या ग्रामसभेत पुढच्या वर्षाचा विषय मांडता येईल.

आपले,
शिबिरांत आखणी-मोजमाप शिकवणारे काही कार्यकर्ते, जि. सातारा