पालापाचोळा जाळू नका, झाडांच्या बुडाशी घाला

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

पाडव्याच्या सुमारास सांगली-मिरजेतल्या कुठल्याही कॉलनीत सकाळी फिरायला निघा, दोन-चार घरांआड एक तरी धुमसणारा ढीग दिसणारच. कडुनिंब, बदाम, आंबा, सगळ्यांचा पाला पडत असतो, लोक अंगण झाडून चकाचक करतात, सगळं गेटबाहेर लोटतात आणि काडी लावतात. आणि थोड्या वेळाने तीच माणसं पाइप घेऊन झाडांना पाणी मारत उभी असतात, कारण काय तर झाडं माना टाकायला लागलीत. अहो, जो पाला जाळला तोच झाडाखाली असता तर एवढं पाणी लागलंच नसतं!

आपल्याकडची बरीचशी माती काळी, ती वाळली की भेगाळते, भेगांतून आतली ओल उडून जाते, बारीक मुळ्या तुटतात आणि मग वरून पाणी ओतलं तरी ते भेगेतून सरळ खाली निघून जातं. तीच माती दोन-तीन इंच पाचोळ्याने झाकली तर फरक लगेच कळतो. आमच्या कढीपत्त्याच्या बुडाशी खुरप्याने पानं बाजूला केली की वरची कुरकुरीत, लगेच चुरा होणारी, खालची मऊ काळपट आणि त्याखालची माती भर दुपारीसुद्धा गार, बोट दोन पेरं आत जातं. हातभर अंतरावर उघडी जागा आहे तिथं खुरपंसुद्धा जात नाही, नुसतं टणकन वाजतं.

ऊसवाल्या शेतकऱ्यांना सगळेच सांगतात की पाचट जाळू नका, सरीत आच्छादन करा. कितीतरी शेतकरी आता तसं करतातही. मग शहरातल्या शिकल्यासवरल्या माणसांना दोन घमेली पानं जिरवता येऊ नयेत?

काहीजण म्हणतात पाचोळ्यात साप-विंचू येतात. भीती खोटी नाही, म्हणून घराच्या भिंतीला लागून ढीग करायचा नाही, झाडाभोवती पातळ थर पसरायचा आणि उपसताना हात न घालता खुरपं वापरायचं. खोडालाही चिकटवू नका, चार बोटं जागा सोडा, नाहीतर खोड कुजतं, वाळवी लागते.

पाण्याचं पण बोलायलाच पाहिजे. रोज थोडं थोडं शिंपडण्यात अर्थ नाही, वरचा थर भिजतो, उन्हात उडून जातो आणि मुळ्या वरच राहतात. जमिनीतल्या मोठ्या झाडांना तीन-चार दिवसांआड पण भरपूर, सावकाश, पहाटे किंवा ऊन उतरल्यावर द्यावं. कुंड्यांचं वेगळं, त्यांना मे महिन्यात रोज लागतं, आणि गच्चीवर असतील तर खाली विटा ठेवाव्यात, स्लॅब तापला की मुळ्या खालून भाजतात. पण जास्त पाणी म्हणजे जास्त माया असं कुणी समजू नये. आपल्याच जिल्ह्यात वाळवा, पलूस, मिरज तालुक्यांत नदीकाठची चांगली काळी रानं जादा पाण्याने आणि निचरा नसल्याने क्षारपड झाली, हे आपण डोळ्यांनी बघतोय. बोअरचं जड पाणी रोज ओतलं की अंगणातही तेच होतं, कुंडीच्या काठाला पांढरा थर धरतो आणि पानांच्या कडा करपतात, लोकांना वाटतं उन्हानेच झालं आणि ते अजून पाणी ओततात. वॉशिंग मशीनचं साबणाचं पाणी पण नको, त्यातल्या सोडियमने काळी माती आणखी घट्ट बसते. एसीचं पाणी मात्र बादलीत धरून बिनधास्त घाला, त्यात क्षार जवळपास नसतातच.

अंगणभर पेव्हर ब्लॉक बसवणाऱ्यांना हात जोडून विनंती की निदान झाडाभोवती तरी तीन फुटांचं आळं मोकळं सोडा. गळ्यापर्यंत सिमेंट आलेली आंब्याची झाडं बघवत नाहीत हो.

रस्त्यावर, मोकळ्या जागेत कचरा जाळायला 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांतच मनाई केली आणि बागेचा कचरा वेगळा ठेवायलाही सांगितलं. म्हणून महापालिकेला विनंती आहे की फेब्रुवारी ते मे या काळात प्रत्येक वॉर्डात नुसत्या पाल्यासाठी आठवड्यातून एकदा वेगळी गाडी फिरवावी आणि तो पाला महापालिकेच्याच बागांत आच्छादनाला वापरावा. दम्याची म्हातारी माणसं आणि लहान पोरं सकाळी सकाळी त्या धुरात खोकत असतात, त्यांच्यासाठी तरी हे यंदाच व्हायला पाहिजे. तोवर ज्यांना आपला पाला नकोय त्यांनी पोत्यात भरून गेटपाशी ठेवावा आणि शेजारच्या बागवाल्याला हाक मारावी, तो नक्की घेऊन जाईल.

आपला,
एक वाचक, विश्रामबाग, सांगली