कॅरियर घेण्याआधी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र वाचून फार आनंद झाला. बाळ येण्याआधीच बेबी कॅरियर, म्हणजे बाळाला अंगाशी बांधून घेण्याचे साधन, घेऊन ठेवावे असे तुमच्या मनात आहे आणि ते कोणते घ्यावे हे तू विचारले आहेस. माझे मत स्पष्ट आहे: वहिनी आणि तू, दोघांच्याही अंगावर नीट बसेल आणि बाळाच्या वाढीबरोबर ज्याची बैठक रुंद करता येईल, असे एकच चांगले कॅरियर घ्या. रंग आणि खिसे नंतर पाहता येतील.

बैठकीचा मुद्दा मी अनुभवाने शिकलो. आमच्या पहिल्या कॅरियरची बैठक इतकी अरुंद होती की मुलीचे पाय सरळ खाली लोंबत, सारा भार जांघेवर येई आणि तिला बाहेर काढल्यावर मांडीच्या आतल्या बाजूस पट्टीचा लाल वळ उमटलेला दिसे. तो वळ पाहून जीव कळवळला. मूल कडेवर घेतले की ते आपोआप पाय दुमडून कमरेला बिलगते. कॅरियरमध्येही त्याला तसेच बसता आले पाहिजे. कापडाचा आधार एका गुडघ्यापासून दुसऱ्या गुडघ्यापर्यंत पोहोचावा आणि गुडघे ढुंगणापेक्षा किंचित वर असावेत. पहिल्या काही महिन्यांत खुब्याचा सांधा कोवळा असतो, त्यामुळे ही बैठक त्या काळात विशेष महत्त्वाची.

त्याहून महत्त्वाचा आहे श्वास. तान्ह्या बाळाची हनुवटी छातीला टेकली की त्याची श्वासाची वाट दबते आणि त्याला रडून सांगताही येत नाही. खोल झोळीसारख्या स्लिंगमध्ये असे सहज घडते; अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने मार्च २०१० मध्ये अशा स्लिंगबाबत जाहीर इशारा दिला होता आणि चार महिन्यांखालील बाळांची विशेष काळजी घेण्यास सांगितले होते. बाळ उभे, छातीशी घट्ट आणि इतक्या उंचीवर असावे की मान वाकवताच त्याच्या टाळूवर ओठ टेकतील. चेहरा सतत दिसावा, हनुवटीखाली दोन बोटे मावावीत. बाळ वेळेआधी जन्मले किंवा वजनाने कमी असले, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कॅरियर वापरू नका.

आता तुमच्या पाठीविषयी. रुंद, भरीव कमरपट्टा असला की भार खांद्यांवरून उतरून कमरेवर येतो. तो नसेल तर बाळ जड होऊ लागताच खांदे भरून येतात. दोन्ही खांद्यांच्या पट्ट्यांना जोडणारे मागचे बकल तुम्हाला स्वतःच्या हाताने लावता येते का, हे अवश्य पाहा. घरात एकटे असताना बाळ छातीशी आणि हात पाठीमागे चाचपडत आहे, अशी वेळ रोज यायला नको. वहिनींची आणि तुझी उंची वेगळी असल्याने पट्टे झटकन सैल-घट्ट होणेही तितकेच आवश्यक आहे.

एकाच कॅरियरमध्ये बाळाला समोर, कडेवर आणि पाठुंगळी घेता यावे, पण हे सारे एकदम करायचे नसते. मान धरेपर्यंत बाळाचे तोंड तुमच्याकडेच असू दे. पुढे ते जगाकडे तोंड करून बसले तरी थोडाच वेळ, आणि डोळा लागला की पुन्हा आत वळवायचे. पाठुंगळी घेण्याची घाई बसता येईपर्यंत करू नका. ताणल्या जाणाऱ्या कापडाचे, अंगाभोवती गुंडाळून बांधायचे रॅप पहिल्या महिन्यांत फार मायेचे वाटते, मात्र बाळ वजनदार झाले की ते खाली ओघळते आणि पाठुंगळीसाठी तर ते मुळीच वापरू नये. बकलच्या अनेक कॅरियरना किमान सुमारे साडेतीन किलो वजन लागते, म्हणून लेबल वाचूनच घ्या.

आमचे दुसरे कॅरियर पुढच्या भेटीत घेऊन येतो. बाळाएवढ्या वजनाचे एखादे गाठोडे त्यात ठेवून तुम्ही दोघेही अर्धा तास घरात वावरून पाहा, आणि खांद्याला कुठे काचते ते मला लगेच सांगा.

वहिनींना नमस्कार.

तुझाच,
जुना सोबती